शेवटचा स्टॉप

ओव्हर साडेसातला द्यायची, संपते सव्वाआठला,
कारण सात नंबरच्या काकांचं पोटॅशियम
रात्रभर माझ्याशी भांडत होतं
आणि भांडणाचा हिशेब चार्टवर लिहावा लागतो
दर दोन तासांनी, सहीसकट.

मग स्वारगेट. कात्रजची बस, खिडकीची जागा.
मांडीवर फार्माकॉलॉजी, पान दोनशे बारा.
खूण म्हणून ईसीजीची एक जुनी पट्टी आहे त्यात,
कुणाचं हृदय ते आता आठवत नाही,
त्या दिवशी बरं चाललं होतं, एवढं दिसतं.
पद्मावतीपर्यंत मी वाचते.
पद्मावतीनंतरचं मला विचारू नका.

घर बालाजीनगरला आहे.
या आठवड्यात तीनदा
मी बालाजीनगर पाहिलेलंच नाही.

सुहासची कंपनी चाकणला.
आमची भेट कुलपाची:
एक लावतो, एक उघडतो.
ओट्यावर झाकलेली पोळी असते,
तिच्यावरून कळतं, रागावलाय की नाही.
आज दोन होत्या, तूप लावलेल्या.

दोनला लेक्चर. पाचला क्लिनिकल.
लॉगबुकात अजून एकोणचाळीस सह्या बाकी.
मैथिली माझी कार्डं पसरून घर-घर खेळते.
तिच्या बाहुलीचं नाव लिडोकेन,
लिडोकेनला ताप आला की
ती डोस किलोवर विचारते,
आणि मी, पोळीचा घास तोंडात धरून,
बाहुलीचं वजन अंदाजाने सांगते.

बार्शीहून आई फोन करते.
मग आता डॉक्टर होणार का?
नाही गं.
मग पगार वाढेल?
तेही नक्की नाही.
मग?

मग काय, आई.
एका रात्री अकरा नंबरची बाई
पांघरूण उगाच चाचपत होती, बोटांनी, सारखी.
मॉनिटरवर सगळं हिरवं होतं.
मला ठाऊक होतं काहीतरी बिघडलंय,
अकरा वर्षं मी हातांकडे बघत आलेय.
फोन लावला. तिकडून विचारलं, का वाटतं तुम्हाला असं?
त्या 'का'ला माझ्याकडे शब्द नव्हता.
वाटतं म्हणून वाटतं, असं म्हणाले.
नऊ मिनिटांनी लिफ्ट वर आली.

हे मी आईला सांगत नाही.
बीपीची गोळी वेळेवर घे, म्हणते,
आणि बी लावलेलं पेरू खाऊ नकोस,
असलं काहीतरी, जे ती ऐकणार नाही.

आज कात्रजला कंडक्टरने उठवलं.
ताई, डेपो आला. परवाही तुम्हीच होतात ना?
पुस्तक खाली पडलं होतं, त्याच्या बुटापाशी.
उचलायला वाकले
आणि मोज्याच्या वर, नडगीवर,
इलॅस्टिकने काढलेली खोल रेघ दिसली.
अंगठा टेकवू का, विचारलं.
दाबला. मोजलं. काढला.
खळगा तसाच राहिला,
कणकेच्या गोळ्यावर राहतो तसा.

झोपताना उश्या किती लागतात?
तो हसला, असलं कोण विचारतं म्हणून.
दोन. मग हसायचा थांबला.
दिवाळीपासून तीन.

आजच दाखवा, म्हटलं. दुसरी फेरी करू नका.
कारण सांगितलं, पूर्ण, क्रमाने,
हृदय, पाणी, पाय, उशी,
पान दोनशे बारा न उघडता.
का, ते त्याने विचारलंही नव्हतं.

डॉक्टर आहात का?
नाही.
सिस्टर?
हो, म्हटलं, आणि पुढचा शब्द शोधू लागले.
मराठीत तो अजून कुणी घडवलेला नाही,
बार्शीतही चालेल असा तर नाहीच.
कंट्रोलरच्या खिडकीकडे जाता जाता
त्याने मान डोलावली, शब्द सापडल्यासारखी.

परतीच्या बसला दुसरा कंडक्टर होता.
तिकीट काढलं.
सगळी बस रिकामी, मी मात्र दांडीला धरून उभी.
बसले असते,
तर स्वारगेट आलं असतं.